तीन पिढ्यांची सहल आणि शेतावरचा मुक्काम

आजी-आजोबा, आईवडील, नातवंडं अशी तीन पिढ्यांची सहल असेल, तर हॉटेलपेक्षा कृषी पर्यटन केंद्र सोयीचं, असं माझं ठाम मत आहे. हॉटेलात जेवणाचं बिल बहुधा वेगळं; इथे बहुतेक ठिकाणी माणशी दरातच नाश्ता, जेवण, चहा, शिवारफेरी येते. चुलीवर भाकरी टम्म फुगताना मुलं खिळून बघतात आणि पेरणीचं विचारायला आजोबांकडेच धावतात. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केल्यावर केंद्रांच्या नोंदणीचीही सोय झाली.

‘वयस्कांची गैरसोय होते’ हा आक्षेप रास्त आहे. पण कमोड, तळमजल्यावरची खोली, जवळचा दवाखाना एवढं फोनवर आधीच विचारलं, की बरीचशी अडचण मिटते.