सागरी सफरीसाठी जहाज कसे निवडाल?

समजा, सुटीत सागरी सफर करावयाची असे तुमच्या घरी ठरले. जाहिरातींची रंगीत पत्रके समोर आली. एका जहाजावर तीन पोहण्याचे तलाव, दुसऱ्यावर चित्रपटगृह, तिसऱ्यावर चोवीस तास खानपान! आता निवड कशी करणार? विज्ञानाचा विद्यार्थी तलाव मोजण्याआधी काही निराळे प्रश्न विचारील. ते कोणते, हे पाहू.

पहिला प्रश्न जागेचा. २०२४ साली सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाचा टनभार २,४८,६६३ आहे. हे त्या जहाजाचे वजन, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. हा ‘स्थूल टनभार’ जहाजाच्या बंदिस्त भागाच्या एकूण घनफळावरून काढतात. म्हणून त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले, की प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येते याचा अंदाज येतो. ‘अ’ आणि ‘ब’ या दोन्ही जहाजांचा टनभार १,००,००० आहे असे समजा. ‘अ’वर २,५०० प्रवासी, तर ‘ब’वर ४,००० प्रवासी. भागाकार अनुक्रमे ४० आणि २५ येतो. आता गर्दी कोठे जास्त, हे सांगावयास जाहिरात कशाला हवी?

दुसरा प्रश्न: एवढे उंच जहाज कलंडत कसे नाही? जहाज एका बाजूस झुकले, की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो. त्यामुळे पाण्याचे वर ढकलणारे प्लावक बल त्या बाजूस सरकते. जहाजाचे वजन मात्र गुरुत्वमध्यातून खाली ओढत असते. या दोन बलांची जोडी जहाजाला पुन्हा सरळ करते. पण गुरुत्वमध्य फार वर गेला, तर हीच जोडी उलट दिशेने काम करते आणि जहाज पालथे होते! म्हणूनच जड यंत्रे आणि इंधनाच्या टाक्या तळाशी ठेवतात.

हे घरी पाहता येईल. पत्र्याच्या उभट डब्यात तळाशी थोडे खडे घालून झाकण लावा, तो बादलीत तरंगत ठेवा आणि हलकेच झुकवा. तो पुन्हा उभा राहील. आता तेच खडे काढून झाकणावर चिकटवा आणि पाहा काय होते ते.

मग गुरुत्वमध्य जितका खाली, तितके चांगले का? इथे एक गंमत आहे. असे जहाज झटक्याने सरळ होते आणि त्या हिसक्यांनी प्रवासी हैराण होतात. म्हणून अभियंते सुरक्षितता आणि सुख यांचा मेळ घालतात. शिवाय पुष्कळ जहाजांच्या दोन्ही कुशींना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात. विमानाच्या पंखांप्रमाणेच वाहत्या पाण्यामुळे त्यांवर बल निर्माण होते आणि डोलणे कमी होते. अर्थात जहाज पुरेशा वेगाने चालत असेल तरच!

खोली कोणती घ्यावी? एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून धक्के खाल्लेल्यांना उत्तर ठाऊक आहे. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली सर्वांत कमी हलते. आतला कान सांगतो ‘आपण हलत आहोत’, तर खोलीतल्या स्थिर भिंतींकडे पाहणारे डोळे सांगतात ‘नाही’. या विसंगतीतून मळमळ होते. अशा वेळी मोकळ्यावर येऊन क्षितिजाकडे पाहावे.

ऋतूही पाहावा लागतो. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्री वादळांचा काळ. आपल्या अरबी समुद्राचा पावसाळी स्वभाव तर कोकणवासीयांना चांगलाच ठाऊक आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली.

आणि शेवटचा, पण सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: संकट आले तर? १९१२ साली ‘टायटॅनिक’वर सुमारे २,२०० माणसे होती, जीवनौकांत जागा होती फक्त १,१७८ जणांना. सुमारे १,५०० जण मरण पावले. त्यानंतर १९१४ साली लंडनमध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

पण नौका असून भागत नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले. ते इतके कलले, की काही जीवनौका खाली सोडणे अवघड झाले. त्याच संध्याकाळी जहाजावर चढलेल्या प्रवाशांचा संकटकाळचा सराव झालेलाच नव्हता! ३२ जणांचा बळी गेला. नियम तेव्हा २४ तासांची सवलत देत असे. २०१५ पासून मात्र हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

तेव्हा मित्रहो, जहाजावर पाऊल ठेवल्यावर तलावाकडे धावण्याआधी आपली जमण्याची जागा कोठे आहे, तिथवर जिन्याने कसे जावयाचे आणि जीवरक्षक जाकीट कसे बांधावयाचे, हे शिकून घ्या. घरातल्या मोठ्यांनाही बरोबर न्या. मग खुशाल पोहा!