वेळापत्रकाचा कादंबरीकार

लंडनच्या सेंट कॅथरीन गोदीत, रूआँहून आलेल्या बोटीतून माल उतरविताना एक भरभक्कम पिंप खाली आदळते, त्याच्या फटीतून भुशाबरोबर सोन्याची नाणी सांडतात आणि अधिक डोकावून पाहावे तो आत एका स्त्रीचा हात दृष्टीस पडतो. १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'द कास्क' या कादंबरीचा हा प्रारंभ. तिचा कर्ता फ्रीमन विल्स क्रॉफ्ट्स हा आयर्लंडातील रेल्वेत इंजिनिअर होता. दीर्घ आजारात वेळ जाईना म्हणून त्याने लेखणी हाती धरली, आणि पुढे तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

गुन्हा घडला त्या समयी आपण अन्यत्र होतो, असा आरोपीने पुढे केलेला बिनतोड भासणारा दाखला एकेक टाका उसवून फोल ठरविणे, हा क्रॉफ्ट्सचा खास प्रांत. पिंप कोणत्या मार्गाने रवाना झाले, हमाली कोणी केली, पावतीवर सही कोणाची, अमुक गाडी चुकली तर पुढची बोट मिळते काय, अशा रूक्ष प्रश्नांचा तो इतक्या चिकाटीने पाठपुरावा करतो की, रेल्वेचे वेळापत्रक हाच त्याच्या कथेतला सर्वांत लबाड साक्षीदार वाटू लागतो. १९२४ साली अवतरलेला त्याचा इन्स्पेक्टर फ्रेंच हाही अलौकिक प्रज्ञेचा पुरुष नव्हे. गोड बोलून जबान्या घेणारा, अडखळला म्हणजे बायकोपाशी प्रकरण उलगडून सांगणारा, नेकीने दप्तर चाळणारा असा तो सरकारी नोकर आहे.

ज्युलियन सिमन्स या समीक्षकाने या पंथाच्या लेखकांना कंटाळवाण्यांच्या पंगतीस बसविले. पात्रांपुरता तो आक्षेप मान्य करावाच लागेल, कारण क्रॉफ्ट्सची माणसे बहुधा लाकडीच आहेत. परंतु खरा तपास असाच कष्टाने चालतो, ही प्रचीती शेरलॉक होम्सच्या चमत्कारांतून येत नाही. शिवाय १९३४ च्या 'द १२.३० फ्रॉम क्रॉयडन'मध्ये त्याने खुनी कोण हे आरंभीच सांगून टाकले, आणि मंदीने बुडू लागलेला एक कारखानदार वारशाच्या आशेने आपल्या मामाला विष घालण्यापर्यंत कसा घसरत जातो, हे त्याच्याच नजरेने दाखविले. तेथे मात्र लाकडाला पालवी फुटली आहे.