वर्गातील एक जागा



शाळाप्रवेशाचे दिवस आले, की मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पालकांची रीघ लागते. त्या रांगेत एखादी आई अशी असते, की फी किती आणि गणवेश कोणता हे प्रश्न तिला सुचतच नाहीत. ‘माझ्या मुलाला तुम्ही घ्याल ना?’ एवढेच तिला विचारावयाचे असते. दिव्यांग मुलासाठी शाळा कशी निवडावी आणि तेथील जागा कशी मिळवावी, याचा आज थोडा विचार करू.

पुष्कळ वर्षांपूर्वी अशीच एक माता आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्यापुढे बसली होती. मी त्याला नाव विचारले. तो गप्प राहिला. मी लगेच दुसरा प्रश्न टाकला, मग तिसरा. ‘बाई, तो सांगतो हो, फक्त त्याला जरा वेळ लागतो,’ असे ती म्हणाली. ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही,’ असे सांगून मी तिला परत पाठविले. सोय म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हते. त्या मुलाला हवे होते ते अर्धे मिनिट.

आज कायदा त्या मातेच्या बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेण्यास मनाई केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावयाचा आहे. ज्याचे अपंगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, त्याला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांना २००९ चा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. परंतु २०१६ च्या कायद्यातून मान्यताप्राप्त शाळा त्या कारणाने सुटत नाही. आमच्यासारख्या मिशनच्या शाळांतील शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

आता निवडीचा प्रश्न. साधी शाळा बरी की विशेष शाळा? याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. जन्मतः बहिऱ्या मुलाला खाणाखुणांची भाषा जाणणारे सोबती आणि शिक्षक लवकर मिळणे अगत्याचे असते; तर पायाने अधू पण बुद्धीने तल्लख मुलाला बहुधा उतरणीचा रस्ता आणि तळमजल्यावरचा वर्ग एवढेच पुरते. म्हणून शाळेचे नाव ऐकून निर्णय करू नये. शाळा चालू असताना जावे. मुतारीपर्यंत मूल एकटे जाऊ शकेल का, वर्गात मुले किती, विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतात, हे पाहावे. आणि वर्गशिक्षकांना विचारावे, ‘याला शिकविण्यासाठी आपण काय बदलाल?’ ‘बघू’ एवढेच उत्तर मिळाले, तर थोडे थांबावे. उलट ‘त्याला काय जमते ते आधी सांगा,’ असे म्हणणारा शिक्षक भेटला, तर इमारत जुनी असली तरी ती शाळा सोडू नये.

आपल्या सीमाभागात भाषेचा पेच निराळाच. घरी मराठी, बाजारात कानडी, शाळेत इंग्रजी. मूल उशिरा बोलू लागले, की ‘घरातली भाषा सोडा’ असा सल्ला कोणीतरी देतो. तो मानू नये. आईची भाषा तोडल्याने मुलाची वाचा सुटत नाही. आईशी बोलणे मात्र तुटते. शिवाय दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, परीक्षेत वाढीव वेळ आणि लेखनिक, या सवलतींची तरतूद २०१६ च्या कायद्यातच आहे. पहिल्या इयत्तेपासूनच त्यांची विचारपूस ठेवावी.

जागा मिळविण्याची रीत अशी. शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. मात्र त्याची वाट पाहत प्रवेशाची मुदत दवडू नये. अर्ज लेखी द्यावा, त्यात मुलाला लागणाऱ्या सोयी एकेक करून लिहाव्यात आणि पोच घ्यावी. नकार तोंडी आला, तर तो नम्रपणे लेखी मागावा. कित्येक नकार कागदावर उतरतच नाहीत. तरीही दार उघडले नाही, तर जिल्हा शिक्षण कार्यालयात अशा मुलांच्या प्रवेशासाठी नेमावयाचा समन्वय अधिकारी असतो, त्याला भेटावे. आणि त्यानंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करावी.

पालकहो, तुम्ही शाळेकडे दया मागत नाही, हे मनाशी पक्के असू द्या. आणि शिक्षकबंधुभगिनींनो, प्रवेशाच्या दिवशी एखादे मूल उत्तर देण्यास थबकले, तर दुसरा प्रश्न विचारण्याची घाई करू नका. मी केली होती.