मूर्तीची घडणावळ

महाराष्ट्रातील अनेक घरांत मुलीच्या लग्नात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देण्याची चाल आहे. अंगठ्याएवढी ही पितळी दैवते नगावर मिळतात. पण त्याहून थोडी मोठी मूर्ती घ्यावयाची म्हटली, की पुण्याच्या तुळशीबागेत काय किंवा नाशिकच्या भांडी बाजारात काय, दुकानदाराचा हात तराजूकडे वळतो. मूर्ती पारड्यात पडते, किलोचा दर लावला जातो आणि देवाची किंमत ठरते. ग्राहकालाही यात काही वावगे वाटत नाही, कारण पातेली आणि कळशा त्याने अशाच घेतलेल्या असतात.

वस्तुतः भांडे आणि मूर्ती यांचे अर्थशास्त्र एक नाही. पितळी पातेले वीस वर्षे वापरून मोडीत घातले तरी घट वजा जाता धातूचे पैसे परत मिळत. मध्यमवर्गीय गृहिणीची ती एक प्रकारची बचतच होती, आणि म्हणून भांडे वजनावर घेणे शहाणपणाचे होते. मूर्ती मात्र कोणी मोडीत घालत नाही. झिजली, भंगली, तर तिचे विसर्जन होते. देव्हाऱ्यात बसताक्षणीच तिच्यातील धातूचे विक्रीमूल्य त्या घरापुरते संपते. उरते ते तिचे नाक, डोळे, हाताची मुद्रा. म्हणजे ग्राहक जे कधीच परत विकणार नाही त्याचे पैसे मोजतो आणि जे पिढ्यान्‌पिढ्या पाहणार आहे त्याचा भाव विचारतही नाही!

याचा भार कोठे पडतो? बाजारातील बऱ्याच पितळी मूर्ती उत्तर प्रदेशातून, विशेषतः अलीगढ आणि मुरादाबाद येथून येतात. मूळ नमुना वाळूत दाबून साचा करावयाचा, त्यात रस ओतावयाचा, निघालेले भाग जोडून कानशीने साफ करावयाचे, मग कोरीव काम आणि शेवटी झिलई. एकेक काम वेगळ्या हाताकडे असते. या कारागिरांत मुसलमानांची संख्या मोठी आहे. गणपतीची सोंड कोणत्या बाजूस वळवावी, विष्णूच्या कोणत्या हातात चक्र द्यावे, हे त्यांना नेमके ठाऊक असते. या गोष्टीचा कौतुकाने उल्लेख होतो. त्यांच्या मजुरीचा मात्र होत नाही.

ओतकाम जोखमीचे आहे. तांबे वितळते १०८५ अंश सेल्सिअसला, तर जस्त ९०७ अंशांनाच उकळू लागते. त्यामुळे पितळेचा रस तापला की जस्ताची वाफ उठते आणि तिची पांढरी धूळ भट्टीपुढील माणसाच्या छातीत जाते. रात्री थंडी वाजून येणारा ताप ओतकाम करणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. तांब्याजस्ताचे भाव लंडनच्या धातुबाजाराकडे पाहून हलतात. ते चढले की लगडी विकणारा थांबत नाही, ग्राहक जास्त द्यावयास तयार नसतो. दाबता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मजुरी. शिवाय कानस जितकी चालावी तितके वजन घटते. बारीक कामाला चढा दर मिळतो हे खरे, परंतु तोही किलोच्याच हिशेबात. मग ठसठशीत, जड आणि मुद्राहीन मूर्ती करण्याकडे कल वाढला, तर दोष कोणाचा?

मूर्तीच्या कामात तराजू जुनाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या मूर्तीचे वजन करून त्यावरून धातू घेण्याची रीत सांगितली आहे. तेथे वजन आहे ते किती धातू लागेल हे ठरविण्यासाठी. तमिळनाडूतील स्वामीमलै येथे आजही मेणाच्या साच्यातून मूर्ती होतात. दर मूर्तीमागे साचा फुटतो, म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. साहजिकच ती कारकुनाच्या खिशाला परवडणारी नव्हे. वाळूच्या साच्याने त्याच्या घरी देव आणला, हे त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

सोनाराच्या पावतीवर सोन्याचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहिलेली असते. पितळी मूर्तीच्या पावतीवर तसे का असू नये? निदान दोन मूर्तींत निवड करताना ग्राहकाला घडणीचा भाव कळेल, आणि धातू महागला म्हणून मजुरी कापल्यास ते आकड्यांत दिसेल. अर्थात ही ओळ छापल्याने पैसे आपोआप भट्टीपर्यंत जाणार नाहीत. लगडी उधार देणारा आणि तयार माल उचलणारा व्यापारी एकच असला, तर वाढीव घडणावळ त्याच्याच खात्यात जमा होईल. कारागिरांनी सहकारी तत्त्वावर धातू एकत्र विकत घेतला आणि माल स्वतःच्या दराने दिला, तरच ती मागण्याचे बळ त्यांच्या हाती येईल. सहकाराची एवढी परंपरा असलेल्या महाराष्ट्रातील ग्राहक संस्थांना अशा मालाची थेट खरेदी अशक्य नाही. दिवाळीपूर्वीच्या एका खेपेपासून ती सुरू करता येईल.