निकाल ठाऊक नसलेली पत्रं

पानिपतावर काही लिहायला बसलेल्याच्या हाती बहुधा आधी बखर लागते. ‘भाऊसाहेबांची बखर’ वाचताना भान हरपतं, इतकं ते गद्य जिवंत आहे. पण बखरकाराला शेवट ठाऊक होता, आणि त्या शेवटाची सावली तो पहिल्या मुक्कामापासूनच पाडत जातो.

म्हणूनच वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली छापलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. मराठी फौजेचे सेनापती सदाशिवरावभाऊ पेशव्यांचे उत्तरेतले अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांना लिहितात: नावा जमवा, ऐवज पाठवा, शत्रूची रसद तोडा. पुन्हा तोच तगादा, पुन्हा तीच निकड. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईत काय होणार, हे लिहिणाऱ्यालाही माहीत नाही आणि वाचणाऱ्यालाही. पैसा, नदी आणि दाणागोटा यांत मोहीम कशी अडकत गेली, ते इथेच दिसतं. अर्थात पत्र लिहिणाराही कधी आपली बाजू राखून लिहितो, म्हणून उत्तराचं पत्र मिळेपर्यंत घाईने निवाडा करू नये.

प्रत्यक्ष रणाच्या हकिकतीसाठी मात्र काशीराजाकडे जावं लागतं. तो अयोध्येचा नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे मराठ्यांचा शत्रू अहमदशहा अब्दाली याच्या बाजूच्या छावणीत. तहाची बोलणी त्याने जवळून पाहिली. तेवढा भाग वजनदार. पण त्याने फारसीत लिहिलं ते सुमारे वीस वर्षांनी, तेव्हा त्याचे आकडे जपूनच घ्यावेत.

खरी कसोटी मोडी पत्राच्या तारखेची. ‘छ’ लिहून पुढे चंद्र, म्हणजे चांद्र तारीख, आणि महिना दिलेला असतो. वर्ष पुष्कळदा नसतंच. मग कोण कुठे मुक्कामाला होतं, कोण अजून हयात होतं, यावरून ते ठरवायचं. गोविंदपंत डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, एवढी एक गोष्ट कितीतरी पत्रांची जागा पक्की करते. वर्ष एकाने चुकलं की सगळी फौज भलत्याच नदीकाठी उभी राहते.

गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेले ४५ भाग १९३० ते १९३४ दरम्यान निघाले. त्यांतला दुसरा पानिपत प्रकरणाचा. ही निवड फार उपकारक, तरी ती निवडच. पुण्याच्या दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, आणि त्यांत जमाखर्चाचे कागद अमाप. लढाईच्या अभ्यासकाने तेही उलगडून पाहावेत: लष्कराला काय मिळालं आणि काय थकलं, ते त्यांतच नोंदलेलं असतं.