उभ्या पायांचं दुखणं

सलूनमधला कारागीर, चौकातला वाहतूक हवालदार, फळ्यापाशी उभ्या असलेल्या शिक्षिका आणि मॉलमधली विक्रेती. संध्याकाळी या चौघांपैकी कुणालाही विचारा, तक्रार एकच: पाय भरून आलेत. पोटऱ्या जड, घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ, रात्री झोपेत गोळे. मग कधीतरी लक्षात येतं, की पोटरीवर निळी-हिरवी शीर गांडुळासारखी वळणं घेत वर आलीय. घरचं निदान ‘नसा फुगल्यात’, दवाखान्यातलं ‘व्हेरिकोज व्हेन्स’.

नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, इथे काही संबंध नाही. हा शिरांचा मामला आहे. पायातलं रक्त चढावर, हृदयाकडे न्यायचं, तर वाटेत एकमार्गी झडपा लागतात आणि खालून ढकलायला पोटरीचा स्नायू. स्वस्थ उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटर इतका दाब असतो. तोच माणूस चालू लागला, की तो 30 च्या आसपास किंवा त्याखाली येतो. झडप सैल पडली, की वर गेलेलं रक्त पुन्हा खाली येतं, शीर ताणते, आणि ताणलेल्या शिरेतली पुढची झडप मिटेनाशी होते. थोडक्यात, पायांना जाच चालण्याचा नाही, खिळून उभं राहण्याचा. दुकानांतल्या कामगारांना बसायची सोय देणं मालकावर बंधनकारक करणारी दुरुस्ती केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये कायद्यात केली. बसायला स्टूल मिळावं म्हणून कायदा करावा लागतो, यावरून काय ते समजावं.

हे बायकांचं दुखणं, असा एक समज पक्का आहे. गरोदरपणात शिरा फुगतात आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच उतरतातही, हे खरंच. पण 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एडिंबरा शहरातल्या पाहणीत 18 ते 64 वयाच्या 1,566 जणांचे पाय तपासले, तेव्हा मुख्य शिरा फुगलेले पुरुष 40 टक्के निघाले आणि स्त्रिया 32 टक्के. पुरुषांचं पँटीखाली झाकून जातं, एवढंच.

आता उपचार. पण त्याआधी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. मांडीवर किंवा घोट्यापाशी दिसणारी लाल-जांभळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी एक मिलिमीटरहूनही बारीक शिरांची असते. तीन मिलिमीटर आणि त्याहून जाड झाली, तर ती व्हेरिकोज शीर. पहिली बहुतेकदा दिसण्याचीच तक्रार असते. अगदी बारीक सुईने औषध टोचून किंवा कातडीवरून लेझर मारून ती फिकी करता येते, आणि विमा कंपनी त्याला शोभेचा उपचार म्हणून पैसे नाकारते. दुसरीसाठीचा लेझर शिरेच्या आतून चालतो. जाहिरातीत दोघांना ‘लेझर’ हा एकच शब्द असतो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

गळती कुठे आहे हे कळतं डॉपलर सोनोग्राफीत, आणि ती रुग्णाला उभं करून करावी लागते. पोटरी दाबून सोडतात. रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं, तर झडप निकामी. खोलवरच्या शिरेत गुठळी बसलेली असेल, तर वरची शीर बंद करणं अंगाशी येऊ शकतं, तेही याच तपासणीत दिसतं. नुसतं आडवं झोपवून केलेल्या रिपोर्टवर कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसरं मत घ्यावं.

सर्वांत जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे पाय आवळणं. दाबाचे आधुनिक मोजे कॉनरॅड जोब्स्ट या अभियंत्याने आणले. त्याचे स्वतःचेच पाय दुखायचे. पोहण्याच्या तलावात उभं राहिल्यावर बरं वाटतं, हे त्याच्या ध्यानात आलं. पाण्याचा दाब खाली जास्त, वर कमी. मोजाही तसाच विणलेला, घोट्याला घट्ट आणि वर सैल होत जाणारा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो चढवणं म्हणजे रोजची कुस्ती. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी, सूज उतरलेली असतानाच, मोजा टाचेपर्यंत उलटा करून पावलात घालायचा, मग तसूतसूने वर सरकवायचा. हातात भांडी घासायचे रबरी मोजे घातले, की पकड चांगली बसते. एवढं करून आराम पडतो. झडप मात्र दुरुस्त होत नाही. जळवांचंही तेच. सुश्रुतसंहितेतली सिराज ग्रंथी म्हणजे हेच दुखणं, असं अनेक वैद्य मानतात. जळू लावून पाय हलका झाल्याचं रुग्ण सांगतात, पण सैल झडप त्याने घट्ट होत नाही.

शिरेला सुरी लावण्याचा इतिहास मोठा आहे. रोमन सेनापती मारियसने बांधून न घेता, हूं की चूं न करता एका पायावर शस्त्रक्रिया करून घेतली आणि दुसरा पाय पुढे करायला नकार दिला. एवढ्या यातना सोसण्याजोगा गुण नाही, असं त्याचं मत पडल्याचं प्लुटार्क सांगतो. 1891 मध्ये जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्गने मांडीतली मुख्य शीर बांधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. 1905 ते 1907 या काळात अमेरिकेत केलर, मेयो आणि बॅबकॉक यांनी तीच शीर तारेने किंवा कड्याने ओढून काढण्याच्या युक्त्या शोधल्या. पुढची नव्वदएक वर्षं हेच चाललं: जांघेत छेद, भूल, मांडीभर काळे-निळे डाग.

1999 च्या सुमारास शीर उपटण्याऐवजी आतूनच मिटवण्याची पद्धत आली. गुडघ्यापाशी सुईएवढ्या भोकातून बारीक नळी शिरेत सरकवतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं टोक जांघेच्या थोडं अलीकडे थांबवतात. मग शिरेभोवती बधिरतेचं औषध मिसळलेलं थंड सलाइन टोचत जातात. त्याने दुखणं थांबतं, शीर नळीवर आवळते आणि आसपासची कातडी भाजत नाही. रेडिओफ्रिक्वेन्सीचं टोक सात सेंटीमीटरचा तुकडा 120 अंशांवर वीस सेकंद तापवतं, नळी मागे ओढतात, पुढचा तुकडा. लेझरचंही तंत्र जवळपास हेच. रुग्ण जागा असतो, आणि त्याच दिवशी चालत घरी जातो. रक्ताला वाट कमी पडत नाही, कारण पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच वर जातं.

उष्णता नको असेल, तर शीर डिंकाने चिकटवता येते. सायनोअॅक्रिलेटच्या अशा एका डिंकाला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली. वाकड्यातिकड्या शिरांसाठी फेस आहे. इटलीच्या तेसारीची युक्ती साधी: दोन सिरिंज एका तोटीला जोडायच्या, एकीत औषध, दुसरीत त्याच्या चौपट हवा, आणि वीसेक वेळा मागेपुढे ढकलायचं. ताकासारखा घुसळलेला हा पांढरा फेस टोचला, की शिरेचं अस्तर जळून ती मिटते. फेस स्वस्त, पण टिकण्यात डावा. ब्रिटनमधल्या 798 रुग्णांच्या चाचणीचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. लेझर आणि शस्त्रक्रिया झालेल्यांचं रोजचं जगणं फेसवाल्यांपेक्षा बरं होतं. म्हणजे जुनी शस्त्रक्रिया काही वाया गेली नव्हती, फक्त दुखत जास्त होती. त्याआधी 2013 मध्येच तिथल्या सरकारी मार्गदर्शिकेने क्रम लावून दिला होता: आधी उष्णता, मग फेस, मग सुरी.

खरी दिरंगाई घडते ती घोट्याजवळची कातडी काळी पडून जखम चिघळल्यावर. वर्षवर्ष नुसतं ड्रेसिंग चालतं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत अशा 450 रुग्णांना पट्ट्या तर बांधल्याच. निम्म्यांची शीर मात्र दोन आठवड्यांत बंद केली. त्यांची जखम भरायला मध्यमानाने 56 दिवस लागले, थांबवून ठेवलेल्यांची 82.

कधी अंघोळ करताना फुगलेली शीर फुटते आणि मोरीत रक्ताचं थारोळं होतं. घाबरून माणूस उभाच राहतो किंवा वर करकचून रुमाल आवळतो. दोन्हींनी शिरेतला दाब आणखी चढतो. तिथेच आडवं व्हावं, पाय हृदयाच्या वर उचलून धरावा आणि स्वच्छ फडकं घडी करून फुटल्या जागेवर दहा मिनिटं सलग दाबून धरावं. मग घट्ट पट्टी बांधून, पाय उचललेलाच ठेवून, दवाखाना गाठावा.