उजेड दिला, हा गुन्हा कसा?

जालन्यात आम्ही नववी-दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालवतो. परवा ग्रीक पुराणातील प्रोमिथियसची कथा सांगितली. देवांचा अग्नी चोरून त्याने माणसांना दिला, म्हणून झ्यूस देवाने त्याला कड्याला जखडले. गरुड रोज येऊन त्याचे यकृत खाई.

एका मुलीने विचारले, "उजेड दिला, हा गुन्हा कसा?" आम्हाला शाळेच्या दाराबाहेर बसवलेले आपले वाडवडील आठवले.

आम्ही म्हणालो, "पोरी, असेच प्रश्न ग्रीक राजा मिनांडरने भदंत नागसेनांना विचारले. तोच आपला मिलिंद. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला त्याचेच नाव आहे."

पालकहो, मुले प्रश्न विचारतील तेव्हा त्यांना गप्प बसवू नका!